अ‍ॅग्फा इसोलेटचा भाता: डागडुजी नको, नवाच बसवून घ्या

जुना अ‍ॅग्फा इसोलेट हा घडीचा फिल्म कॅमेरा कुणी स्वस्तात देत असेल तर लेन्सच्या आधी भाता बघा, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या पेटीमधला, बाहेरचा उजेड अडवणारा घड्यांचा भाग. पन्नासच्या दशकातला हा म्युनिकचा कॅमेरा, १२० च्या रुंद फिल्म रोलवर ६×६ सेंमीचे १२ फोटो, ८५ मिमीची अपोटार लेन्स आजही खणखणीत. पण अ‍ॅग्फाने भात्याला चामड्याऐवजी कृत्रिम कापड वापरलं आणि ते घड्यांच्या कोपऱ्यांवर हमखास फुटतं. त्याच काळातल्या झाइस इकोंटा कॅमेऱ्यांचे भाते बहुतेक वेळा शाबूत सापडतात.

माझ्या इसोलेटमध्ये अंधारात टॉर्च धरला तर कोपऱ्यांची अख्खी रांग लुकलुकली. एका दुकानदाराने वरून काळा रंग थापून दिला. घड्या एकमेकींना चिकटल्या आणि रंगाचे पोपडे थेट फिल्मवर!

मग फोर्टातल्या एका मेकॅनिककाकांकडे गेलो. एवढासा गाळा, टेबलावर शटरचे सुटे भाग आणि चहाचा ग्लास शेजारी शेजारी. काकांनी जुना भाता अलगद सोडवला, उलगडून कागदावर घड्यांच्या रेषा उतरवून घेतल्या. आत पातळ काळं कापड, मधे कार्डाच्या पट्ट्या, बाहेर तासून पातळ केलेलं चामडं. कोपऱ्यांवर पट्ट्यांमध्ये मुद्दाम फट सोडली, तिथेच तर घडी वळते. सगळी कसोटी जाडीची. ‘कॅमेऱ्याचं दार ढकलून लावावं लागलं तर भाता फुकट गेला,’ काका म्हणाले. माझं दार एका बोटाने लागतं आणि उघडल्यावर लेन्स सरळ उभी राहते. फोकसच्या रिंगेत घट्ट झालेलं हिरवं ग्रीसही काढलं आणि फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर लावून इन्फिनिटी, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूंचा फोकस, जुळवली. हे मी सांगितलंही नव्हतं.

साडेतीन हजार घेतले. कॅमेरा जवळपास तेवढ्यालाच पडला होता, पण काम बघता जास्त वाटले नाहीत. वैताग तारखांचा. ‘पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य फार मनावर घेऊ नका, फोनही उचलत नाहीत. पावसाळ्यात तर गोंद सुकत नाही म्हणून काम तसंच पडून राहतं. पाचपैकी चार तारे, एक त्या हेलपाट्यांचा कापला.

नव्या भात्यातून भर उन्हात रोल काढला, एकाही फ्रेमवर पांढरा पट्टा नाही. फक्त कॅमेरा फटकन उघडू नका, भाता झटकन ताणला की आत पोकळी होऊन फिल्म लेन्सच्या दिशेने ओढली जाते. सावकाश उघडा आणि फिल्म त्यानंतरच पुढे सरकवा.