सर्टिफाइड कॉपीच्या नावाखाली माझीच झेरॉक्स मला ९,७०० रुपयांना विकली

दस्ताची नक्कल काढायला जाणार असाल, तर नोंदणी कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेल्याच्या हातावर एक रुपयाही ठेवू नका. मी ९,७०० ठेवले.

कुर्ल्याचं घर विकायचं ठरलं होतं. बाबांचा १९८९चा नोंदणी केलेला करारनामा २६ जुलै २००५च्या पुरात लगदा झाला. उरली एक झेरॉक्स, तीही खालून भिजलेली. घर घेणाऱ्याच्या बँकेला सर्टिफाइड कॉपी, म्हणजे सरकारी दप्तरातून काढलेली अधिकृत नक्कल, हवी होती.

खिडकीवर दोनदा गेले. एकदा "जुनं रेकॉर्ड आहे, वेळ लागेल", एकदा "साहेब रजेवर". अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. घेणाऱ्याने महिनाअखेरची मुदत दिलेली. अशा वेळी बाहेरचा माणूस म्हणतो, "ताई, आठ दिवसांत देतो, आत ओळख आहे." काय करायला हवं होतं मी? शोध फीचे २,००० रोख, नकलेचे ४,५०० यूपीआयने, मग 'अर्जंट'चे आणखी ३,२००. संदर्भाला लागते म्हणून ती झेरॉक्सही त्याने मागून घेतली.

नवव्या दिवशी नक्कल मिळाली. पानोपानी गोल शिक्का, 'खरी प्रत', खाली किरटी सही. आणि तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात काळपट ओघळ. तो ओघळ मी वीस वर्षं बघतेय! सरकारी दप्तरातल्या कागदावर आमच्या घरात शिरलेल्या पुराचा डाग कसा येईल? हे तिथेच, त्या टेबलापाशीच लक्षात यायला हवं होतं. बँकेच्या काउंटरवर अठ्ठावीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या आहेत मी. पण तो "शिक्का ओला आहे, जपून" म्हणत कागद पिशवीत सरकवत होता आणि मला नुसतं सुटल्यासारखं वाटत होतं. जांभळी शाई बोटाला लागली, तीही रुमालाला पुसून टाकली.

बँकेच्या वकिलांनी दोन मिनिटांत कागद परत केला. खऱ्या नकलेखाली तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव आणि हुद्दा लागतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७५ वाचा. माझ्या कागदावर नाव नाही, हुद्दा नाही. सरकारी फीची पावती मी मागितलीच नव्हती. ती आधी मागा. सरकारी फी दलालाच्या यूपीआयवर जात नाही.

कार्यालय म्हणालं, "बाहेरचं आम्हाला माहीत नाही." फाटकापासून दहा पावलांवर, त्यांच्याच नावाचा शिक्का मारून धंदा चाललाय, आणि यांना माहीत नाही! पोलीस ठाण्यात साडेतीन तास बाकावर बसवलं. वर ऐकवलं, "आत पैसे चारायला दिलेत ना? तुम्हीच अडकाल." यूपीआयचं १९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, सांगा म्हणाले, १९३०वर सांगितलं, ठाण्यात जा. बनावट शिक्क्याचा कागद समोर असताना फक्त एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद! भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४)ची फसवणूक दखलपात्र आहे, हे मी त्यांना सांगायचं का?

नोंदणी अधिनियम १९०८, कलम ५७: घराच्या दस्ताची नक्कल फी भरून कुणालाही मिळते, ओळख लागत नाही. खिडकीवर अर्ज घेत नसतील तर आवक-जावकला द्या, पोच घ्या. तोंडी नकार ऐकून माघारी फिरू नका. आणि हातातली जुनी प्रत कुणालाही देऊ नका, माझी अजून परत मिळालेली नाही.

घेणाऱ्याने शेजारच्या सोसायटीत घर घेतलं. ठाण्यातून निघताना हवालदाराने विचारलं होतं, "आणखी कुणी तक्रारदार आहे का?" त्या टेबलावर आणखी कुणी पैसे दिले असतील, तर लाज बाजूला ठेवून माझ्याबरोबर चला. मी सोमवारी पुन्हा जातेय.