डोस झाला, तपासणी राहिली: ‘वेल बेबी क्लिनिक’ या सेवेचं परीक्षण

आजारी नसलेल्या बाळाला ठरावीक वयाला डॉक्टरांकडे नेतात, त्या सेवेला ‘वेल बेबी क्लिनिक’ म्हणतात. घरात मात्र तिला सरसकट ‘डोसला जाणं’ म्हटलं जातं आणि सेवेचं मुख्य दुखणं तिथूनच सुरू होतं. सुई टोचून दोन मिनिटांत बाहेर आलात तर लस मिळाली, तपासणी राहिली. मन लावून दिली तर या सेवेइतकी मोलाची सेवा बालआरोग्यात दुसरी नाही, कारण रोज नजरेसमोर असलेल्या बाळातला सावकाश होणारा बदल घरच्यांना दिसत नाही, तो इथे आकड्यांत दिसतो. मात्र आकडे बरोबर असायला हवेत. म्हणून एखादं क्लिनिक कसं आहे, हे डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधी मापं घेण्याच्या टेबलापाशीच कळतं.

आधी वजन. काटा तान्ह्या बाळांचा, १० ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. त्यावर कापड अंथरून मग आकडा शून्यावर आणायचा आणि बाळाला पूर्ण उघडं करून ठेवायचं, डायपरसुद्धा काढून. ओला डायपर सहज शंभर-दोनशे ग्रॅम भरतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढतं, म्हणजे एका डायपरपायी आख्ख्या आठवड्याची वाढ खोटी दिसू शकते. गेल्या वेळी स्वेटरसकट वजन केलं, आज उघड्या अंगाने केलं, आणि ‘बाळ बाळसं धरत नाही, वरचं दूध सुरू करा’ असा सल्ला पदरात पडला, असं घडतं. असा सल्ला मिळाला तर आधी कपडे उतरवून पुन्हा वजन करायला सांगावं. अगदी नवजात बाळाचं वजन पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतंच, पण साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यायला हवं. १० टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर बाळ स्तनाला नीट लागतंय का, हे डॉक्टरांनी किंवा नर्सने स्वतः बघायला हवं.

सगळ्यात जास्त हलगर्जीपणा होतो तो लांबी घेताना. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवूनच घेतात. त्यासाठी इन्फँटोमीटर नावाची फळी असते, एका टोकाला पक्की आडवी पट्टी आणि दुसऱ्या टोकाला सरकती. हे काम दोघांचं आहे. एकाने बाळाच्या कानांवरून दोन्ही हातांनी डोकं धरून माथा पक्क्या पट्टीला टेकवायचा, बाळाची नजर सरळ छताकडे हवी. दुसऱ्याने एका हाताने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे, दुसऱ्या हाताने सरकती पट्टी तळव्यांना भिडवायची. पावलं काटकोनात, बोटं वर. मग आकडा मिलिमीटरपर्यंत वाचायचा. बाळ रडतं, पाय झाडतं, तरी सराव असलेल्या हातांना मिनिटभर पुरतं. याऐवजी टेबलावरच्या कागदावर डोक्याशी आणि टाचेशी पेनाने खूण करून टेप लावलेली दिसली, तर ते माप धरू नये. गुडघा जरा वाकला की एक-दोन सेंटिमीटर गेलेच. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, त्यातली निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या सहा महिन्यांत होते. पुढे महिन्याला जेमतेम सव्वा-दीड सेंटिमीटर उरते, तेवढी वाढ ही एक चूक गिळते. दोन वर्षांनंतर उभं करून उंची घेतात आणि ती झोपून घेतलेल्या लांबीपेक्षा साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरते. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही.

डोक्याचा घेर न ताणणाऱ्या टेपने घ्यावा, पुढून भुवयांच्या किंचित वर, मागून सर्वांत फुगीर भागावरून. केसांतल्या क्लिपा आधी काढाव्यात. दोन-तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. पूर्ण दिवसांच्या बाळाचा घेर जन्मतः ३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो.

हे सगळे आकडे नुसते कार्डावर उतरवून उपयोग नाही, ते वाढीच्या तक्त्यावर टिंबाने मांडले जायला हवेत. जागतिक आरोग्य संघटनेचे सध्याचे तक्ते २००६ चे आहेत, सहा देशांतल्या मुलांच्या मापांवरून केलेले, मुलींचे आणि मुलांचे वेगळे. एकट्या टिंबावरून काही ठरत नाही. खालच्या रेषेला धरून नेमाने वर जाणारं किरकोळ अंगाचं मूल बहुधा ठीक असतं. मधल्या रेषेवरून दोन भेटींत खाली घसरलेलं मूल अंगाने भरलेलं दिसलं तरी त्याच्याकडे नीट बघायला हवं. डोक्याचा घेर भराभर वरच्या रेषा ओलांडू लागला, तर त्याच दिवशी बोलायची गोष्ट आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत वय धरण्यातच चूक होते. आठ आठवडे आधी जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ तक्त्यावर साधारण चार महिन्यांचं धरायचं, आणि हा हिशेब दोन वर्षांपर्यंत चालवायचा. लसी मात्र सहसा जन्मतारखेवरूनच देतात.

डॉक्टरांच्या खोलीतली खूण सोपी आहे: डायपर उघडला का? तो न उघडता झालेली तपासणी अर्धवट. मांड्या फाकवून खुबे तपासायचे असतात. मुलग्यांचे दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का हे बघायचं असतं. सहा महिन्यांपर्यंत उतरले नसतील तर सर्जनला दाखवावं लागतं. डोळ्यांत उजेड टाकून बाहुलीची लाल चमकही पाहतात. ती पांढरी दिसली तर मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या आतली गाठ असू शकते. तिथे दिवसही दवडू नये.

विकासाबद्दल विचारायला बहुतेक ठिकाणी वेळ कमी पडतो, आणि ही उणीव आम्हाला सर्वांत जास्त खुपते. दोन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हसतं का, चार महिन्यांचं मान धरतं का, नऊ महिन्यांचं आधाराशिवाय बसतं का, दीड वर्षाचं चालतं का, बोट दाखवून वस्तू मागतं का, हे विचारलंच पाहिजे. बोलणं उशिरा येत असेल आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ एवढंच उत्तर मिळालं, तर कानांची तपासणी स्वतःहून मागावी. दीड आणि दोन वर्षांच्या भेटीत एम-चॅट-आर ही ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता पडताळणारी, हो-नाही उत्तरांची वीस प्रश्नांची यादी भरून घेणारं क्लिनिक मिळालं, तर ते सोडू नका.

आता लस. चांगली नर्स भरण्याआधी बाटलीवरचं नाव आणि मुदत दाखवते. काही बाटल्यांवर गोलात एक फिकट चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत जाते तसा तो गडद होतो, आणि गोलाइतका गडद झाला की ती लस वापरायची नाही. तान्ह्या बाळाला इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. टोचण्याआधी अंगावर पाजायला घेतलं आणि टोचताना पाजणं चालू ठेवलं, तर रडणं खरंच कमी होतं. जागा चोळू नये. नंतर पंधरा ते तीस मिनिटं तिथेच थांबायला सांगतात, कारण तीव्र ॲलर्जी आली तर बहुधा याच वेळात येते. ‘निघा आता’ म्हणून लगेच वाटेला लावणाऱ्यांचे आम्ही इथे गुण कापतो. डोस चुकला असेल तर बहुतेक लसी पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत, राहिल्या तिथून पुढे देतात. बहुतेक लसींचा ताप एक-दोन दिवसांत येऊन जातो, गोवराच्या लसीचा मात्र आठवड्याभराने येऊ शकतो. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप भरला तर ‘डोसचाच असेल’ म्हणून घरी बसू नये, डॉक्टरांना लगेच कळवावं.

या सेवेतला न सुटलेला दोष म्हणजे खोकणाऱ्या मुलांसोबतचं बसणं. वेगळी वेळ नसेल तर दिवसातला पहिला नंबर मागावा, पुढून उघडणारे कपडे घालावेत, आणि विचारायच्या गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. निघण्यापूर्वी कार्ड उघडून बघा. लसीसमोर तारीख आणि बॅच क्रमांक हवा, वजनाशेजारी लांबी आणि घेरही हवा. तिथे रिकाम्या जागा दिसल्या तर बाळ अजून उघडं असतानाच मापं मागून घ्या. रांग कितीही लांब असली तरी त्याला तीन-चार मिनिटंच लागतात.