नौपाड्यातल्या लॅबसाठी झेडएफएस : दोन वर्षांच्या वापरानंतर

आमची पॅथॉलॉजी लॅब ठाण्यातल्या नौपाड्यात, गोखले रोडजवळ. मुख्य सर्व्हर तिथेच, दुसरं मशीन महापे एमआयडीसीत. दोन्हीकडे लिनक्सवर झेडएफएस, म्हणजे डिस्कवरच्या फाइली सांभाळणारी फाइल सिस्टिम. दर पंधरा मिनिटांनी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची गोठवलेली स्थिती, निघतो आणि डिस्कवरचे बदललेले तुकडे तेवढे महाप्याला जातात; तिथे आधीचे स्नॅपशॉटही राहतात. माझं खरं मत बनलं ते मागच्या पावसाळ्यातल्या एका सोमवारी.

सकाळी ११:२० ला डेटाबेसमधल्या रिपोर्टच्या टेबलवर, कुठल्या नोंदी बदलायच्या ती अट न लावता, अपडेटची कमांड चालली. हजारो जुन्या रिपोर्टांवर एकाच डॉक्टरांचं नाव चढलं. आमच्या मॅडम म्हणाल्या, "महाप्याला प्रत आहे ना आपली? तीच चालू करा." मला नाही म्हणावं लागलं. साडेअकराची पाठवणीची फेरी झाली होती, म्हणजे चूकही तिकडच्या ताज्या प्रतीत पोचली होती. ती प्रत मशीन बंद पडलं तर कामाची, डेटा चुकला तर नाही.

रोलबॅक, म्हणजे सगळा डेटा जुन्या स्नॅपशॉटवर परत नेणं, काही सेकंदांचं काम. पण झेडएफएस शेवटच्या स्नॅपशॉटवरच सरळ मागे नेतं; त्याआधीचा हवा असेल तर मधले पुसावे लागतात. शिवाय ११:१५ नंतर नोंदवलेले नमुने गेले असते. नळीवर बारकोड आहे आणि सिस्टिममध्ये पेशंटच नाही, हे मी कुठल्याही परिस्थितीत होऊ देणार नव्हते.

म्हणून रिपोर्टची छपाई थांबवली, नोंदणी चालू ठेवली आणि महाप्याच्या मशीनवर ११:१५ च्या स्नॅपशॉटचा क्लोन, म्हणजे लिहिता येईल अशी वेगळी प्रत, तयार केला. क्लोन क्षणात होतो, सुरुवातीला जागा जवळजवळ घेतच नाही. त्यावर वेगळ्या पोर्टवर पोस्टग्रेस, म्हणजे आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर, सुरू केलं. चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर असते तशी अवस्था. वॅल, म्हणजे प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो ती नोंदवही, वाचून पोस्टग्रेस स्वतःला सावरतं. मात्र डेटा आणि वॅल एकाच क्षणी टिपलेले हवेत. आम्ही दोन्ही झेडएफएसच्या एकाच डेटासेटमध्ये (ज्याचा स्नॅपशॉट एकत्र निघतो तो विभाग) ठेवतो. वेगळे ठेवत असाल तर रिकर्सिव्ह, म्हणजे आतल्या सगळ्या डेटासेटचा एकाच क्षणी निघणारा, स्नॅपशॉट घ्या. मग बिघडलेल्या कॉलमच्या जुन्या नोंदी तेवढ्या क्लोनमधून घेऊन ठाण्याच्या डेटाबेसमध्ये भरल्या. पाऊण तास लागला, एकही नमुना हरवला नाही. मॅडमना रिपोर्ट उघडून दाखवले तेव्हा माझे हात थरथरत होते.

घेणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळा. महाप्याच्या प्रतीवर थेट काही लिहू नका, ती रीडओन्ली ठेवा. तिथे किरकोळ बदल झाला तरी पुढची फेरी अडते, आणि जबरदस्तीने घेतली तर तो बदल पुसला जातो. दुसरं, क्लोन असेपर्यंत त्याचा मूळ स्नॅपशॉट पुसता येत नाही, त्यामुळे डिस्क भरत जाते. काम झालं की क्लोन लगेच पुसून टाका.

सगळं कमांडवर चालतं, शिकायला मला दोन महिने गेले. पैसे लागत नाहीत, सोर्स २००५ पासून खुला आहे. ५ पैकी साडेचार. आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी महाप्याला एक क्लोन उघडून त्यातले दहा रिपोर्ट कागदाशी ताडून बघते.