जॉइंट खातं की स्वतःचं खातं?

जोडीदाराच्या व्हिसावर नव्या देशात आलेल्यांना हा प्रश्न लवकरच पडतो. बँकांच्या जाहिराती बाजूला ठेवा.

उघडायला जॉइंट खातं सहसा सोपं, कारण जोडीदार बँकेच्या ओळखीचा असतो. स्वतःचं खातं बहुतेक वेळा पत्त्याच्या पुराव्यावर अडतं: भाडेकरार आणि वीजबिल दोन्ही जोडीदाराच्या नावावर! म्हणून आधी भाडेकरारात नाव घालून घ्या. पासपोर्टवर एक आडनाव आणि विवाह प्रमाणपत्रावर दुसरं असेल, तर दोन्ही कागद सोबत न्या आणि अर्जात पासपोर्टवरचंच स्पेलिंग लिहा.

अनेक देशांत व्हिसा वाढवताना एकत्र राहत असल्याचा पुरावा मागतात. इथे जॉइंट खातं उजवं. पण त्यातून भाडं, किराणा, बिलं खरोखर गेलेली दिसायला हवीत. नुसतं उघडून ठेवलेलं खातं फारसं काही सिद्ध करत नाही.

पैशांवरच्या ताब्याचं मात्र उलट: तिथे स्वतःचं खातं उजवं. एकाच्या सहीवर चालणाऱ्या जॉइंट खात्यातून दोघांपैकी कुणीही सगळी रक्कम काढू शकतो, ओव्हरड्राफ्टची (खात्यात शिल्लक असलेल्यापेक्षा जास्त काढलेल्या पैशांची) वसुली साधारणपणे दोघांकडूनही होऊ शकते, आणि वाद झाला तर बँक खातं गोठवू शकते. तेव्हा पगार अडकतो.

घरखर्च एकाच्याच पगारावर असेल आणि व्हिसा वाढवायचा असेल, तर जॉइंट खात्यापासून सुरुवात करा. नोकरी शोधत असाल, माहेरी पैसे पाठवायचे असतील किंवा घरात पैशावरून कुरबुर असेल, तर स्वतःचं खातं आधी. त्याचा पासवर्ड कुणालाच देऊ नका.