सुराबायाची उधारी आणि सिंगापूरचं लवाद केंद्र

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, आमचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे. इंडोनेशियातल्या सुराबायाच्या एका पार्टीकडे 1 कोटी 40 लाख अडकले. माल उतरवून घेतला, पाच महिने वापरला, आणि बिलाचा तगादा लावल्यावर म्हणे व्हॉल्व्ह गळतात. दांडिया बाजारातल्या घरी चहा पिता पिता बाबांनी निकाल दिला, "सूरसागर तलावात गेले समज." मी मात्र सिंगापूर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटरकडे गेलो. आर्बिट्रेशन म्हणजे लवाद: कोर्टाऐवजी आर्बिट्रेटर, म्हणजे पंच, वादाचा निवाडा देतो. म्हणजे मी बडोद्यातच, गेली ती फाइल.

जाता आलं ते मावसभावामुळे. पार्टीने पाठवलेल्या कराराच्या मसुद्यात नुसतं 'वाद झाल्यास आर्बिट्रेशन' एवढंच होतं. कुठे, कोणाच्या नियमांनी, पत्ता नाही. मावसभाऊ सीए. त्याने केंद्राचा नमुना क्लॉज, म्हणजे करारात घालायचं तयार कलम, जसाच्या तसा उचलून घातला. त्यात गाळलेल्या जागा असतात: सीट कुठली, आर्बिट्रेटर किती, भाषा कोणती. 'किती'पुढे पार्टीने तीन लिहून पाठवलं, मी खोडून एक केलं. तिघांची फी कोण भरणार? आणि सीट म्हणजे सुनावणीची खोली नव्हे. लवादावर कुठल्या देशाचा कायदा आणि कुठलं कोर्ट नजर ठेवणार, ते. हे मला दोनदा समजावून घ्यावं लागलं.

गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत केंद्राने 2017 मध्ये ऑफिस उघडलं होतं, म्हणून आधी वाटलं गाडी काढून तिथेच कागद देऊन येऊ. पण केस चालते ती सिंगापूरहूनच, आणि अर्ज ऑनलाइन. 1 जानेवारी 2025 पासून तिथे नवे नियम आले. 10 लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या दाव्यांना छोटी पद्धत: एकच आर्बिट्रेटर, शक्यतो कागदपत्रांवरच निर्णय, आणि आर्बिट्रेटर नेमल्यापासून तीन महिन्यांत निवाडा. फीसुद्धा एरवीच्या कमाल मर्यादेच्या निम्म्यावर रोखलेली. आमचा दावा यात बसला.

कागदांवर निर्णय म्हटल्यावर पोटात गोळा आला होता, कारण आमचं फायलिंग म्हणजे देवाच्या भरवशावर. शेवटी स्टोअरच्या कपाटात, ग्रीसचे डाग पडलेला हायड्रो टेस्टचा, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली गळती तपासल्याचा, रिपोर्ट सापडला. डिस्पॅचच्या आधी पार्टीचाच इन्स्पेक्टर आमच्याकडे येऊन गेला होता. प्रत्येक व्हॉल्व्हच्या नंबरापुढे त्याची सही, आणि सोबत प्रेशर गेजचे फोटो. माझ्या मते केस तिथेच संपली. एकच व्हिडिओ मीटिंग झाली, सिंगापूरचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसात. बायकोला कुकर लावू नको म्हणून सांगावं लागलं.

एप्रिलअखेर आर्बिट्रेटर नेमले, जुलै संपायच्या आत निवाडा हातात. कारणंही लिहिलेली. बडोद्याच्या कोर्टात काय झालं असतं ते सांगायला नको. आणि तिथे जिंकलो असतो तरी इंडोनेशियात परदेशी कोर्टाचा हुकूमनामा चालत नाही. लवादाचा निवाडा चालतो, कारण लवादाचे परदेशी निवाडे मानायच्या 1958 च्या न्यूयॉर्क करारात इंडोनेशिया आहे, आपणही आहोत.

आता खर्च. आगाऊ रक्कम दोघांनी भरायची असते. समोरच्याने दमडी दिली नाही, त्यामुळे त्याचा वाटाही मीच भरला, नाहीतर गाडी हलत नव्हती. निवाड्यात तो खर्च त्याच्यावर टाकला खरा, पण तोवर माझ्या बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्याच्या कर्जखात्यावर, व्याज चढतच होतं.

आणि निवाडा म्हणजे पैसे नव्हेत. तो जकार्ताच्या मध्यवर्ती जिल्हा न्यायालयात नोंदवावा लागतो, अधिकृत अनुवादकाकडून इंडोनेशियन भाषेत उतरवून. तिथला वकील वेगळा, त्याची फी वेगळी. हे करारावर सही करतानाच हिशेबात धरा.

केंद्राला पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो सकाळच्या साडेसातचा.

नोंदणीचे कागद गेल्याचं कळताच पार्टीचा फोन आला, आवाज एकदम मऊ. तीन हप्ते ठरले. दोन आलेत. बाबा रोज विचारतात, "तिसरा?"