यकृतातला पर्णकृमी : शौच तपासायचं की रक्त?

बोलिव्हियाच्या उंच पठारावर, टिटिकाका सरोवराच्या आसपास, मेंढ्या-गुरांच्या यकृतातला फॅसिओला हा पर्णकृमी माणसांतही फार आढळतो. पाण्यातल्या कच्च्या भाजीबरोबर तो पोटात जातो.

शौचाची तपासणी स्वस्त. सूक्ष्मदर्शक असला की खेड्यातही होते आणि अंडं दिसलं की निदान बहुतेक पक्कं. बहुतेक म्हणायचं कारण, बाधित जनावराची कलेजी (यकृत) खाल्ली असेल तर तिच्यातली अंडी नुसती आतड्यातून बाहेर पडतात. अशा वेळी काही दिवस कलेजी बंद ठेवून पुन्हा तपासावं. पण खरी अडचण वेळेची आहे. कृमी यकृत पोखरत पित्तनलिकेत पोचून अंडी घालेपर्यंत तीन-चार महिने जातात. ताप आणि उजव्या बरगडीखालचं दुखणं नेमकं याच काळात असतं, आणि शौचाचा अहवाल मात्र कोरा!

रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे कृमीविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, दोन ते चार आठवड्यांत सापडतात. म्हणून सुरुवातीचा ताप असेल, इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वाढलेल्या असतील, तर मी रक्तच निवडेन. बरं झाल्यावरही प्रतिपिंडं बराच काळ टिकतात, त्यामुळे आधी अंडी सापडली असतील तर उपचारानंतर पुन्हा शौचच पाहावं.

औषध ट्रायक्लाबेंडाझोल, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम. थायलंडमधल्या ऑपिस्थॉर्किस या पर्णकृमीवर चालणारं प्राझिक्वांटेल फॅसिओलावर भरवशाचं नाही, म्हणून कृमी नेमका कोणता हे आधी कळायलाच हवं.