स्थळाची चौकशी करताना ई-कोर्ट्स सेवा कितपत उपयोगी पडते?

भाचीच्या दुसऱ्या लग्नासाठी कराड तालुक्यातील एक स्थळ आले, त्या वेळी मी न्यायालयांतील खटल्यांच्या नोंदी ऑनलाइन दाखवणाऱ्या ई-कोर्ट्स सेवेवर आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या माणसाचे नाव टाकून पाहिले. मुलगा घटस्फोटित होता आणि बायोडाटामध्ये 'परस्पर संमतीने, किरकोळ मतभेदांमुळे' असे लिहिले होते. ज्या वधूवर सूचक केंद्रातून हे स्थळ आले, त्यांनी फी घेताना 'आमची चौकशी पूर्ण असते' असे सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांनी पगाराची स्लिप आणि सातबारा पाहिला होता, त्यापलीकडे काहीही नाही. भाचीच्या पहिल्या संसारात काय झाले ते आम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे या वेळी केवळ जमिनीची चौकशी आम्हाला पुरणार नव्हती. आमच्यासारख्या इतर घरांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सेवा विनामूल्य आहे आणि खाते उघडावे लागत नाही. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचे, पक्षकाराचे नाव व वर्ष लिहायचे, प्रलंबित की निकाली ते ठरवायचे आणि चित्रातील अक्षरे टाकायची. हे सोपे वाटते, पण शोध एका वेळी एकाच वर्षाचा आणि एकाच संकुलाचा होतो. आम्ही दहा वर्षे मागे गेलो, म्हणजे एकट्या कराडसाठी दहा वेळा तेच सगळे भरले. शिवाय नावे रोमन लिपीत नोंदलेली असतात. आपल्याकडची आडनावे तिथे दोन-तीन प्रकारे लिहिली जातात आणि कधी आडनाव आधी येते, कधी शेवटी. म्हणून पूर्ण नाव टाकण्यापेक्षा वडिलांच्या नावाचा आणि आडनावाचा मोजकाच भाग टाकून यादी लांब येऊ द्यावी आणि ती स्वतः वाचावी, हे मी पुढच्या माणसाला आवर्जून सांगेन.

कराडच्या यादीत त्याच नावाचा, वडिलांचेही तेच नाव असलेला एक आरोपी निघाला. नियमित फौजदारी खटला, कलम ४९८-अ, म्हणजे सासरी पत्नीचा छळ. बहिणीने पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवले आणि ते बराच वेळ उचललेच नाही. आमच्या मनात निकाल लागलाही होता. मात्र त्या नोंदीत ना छायाचित्र असते ना वय, त्यामुळे ओळख पटवायला नावाखेरीज काहीच नसते. ओळखीच्या वकिलांनी सहआरोपींची नावे वाचली, आई-भावांची नावे जुळत नाहीत हे दाखवले, आणि तो कोणी वेगळाच माणूस निघाला. आपल्या भागात एका गावात एकाच नावाची चार माणसे सहज असतात. त्या संध्याकाळी आम्ही एका निरपराध माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळे झालो होतो, याची मला अजून लाज वाटते.

खरी नोंद मिळाली ती वेगळ्या जिल्ह्यात. वकिलांनी विचारले, 'पहिल्या बायकोचे माहेर कुठले?' हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम २७ प्रमाणे पीडित स्त्री जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते, तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते, आणि सासर सोडलेली मुलगी आपल्याकडे बहुधा माहेरीच येते. ४९८-अ च्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रूपाली देवी प्रकरणात हेच मान्य केले आहे. म्हणजे सातारच्या मुलाची चौकशी साताऱ्यातच करून भागत नाही, ती सुनेच्या माहेरच्या तालुक्यात करावी लागते. आम्ही सांगली जिल्हा निवडला, तिच्या माहेरच्या तालुक्याचे संकुल निवडले, आणि २०१९ च्या यादीत कौटुंबिक हिंसाचाराच्या एका अर्जात त्याचे नाव प्रतिवादी म्हणून आले. या वेळी पत्नीचे आणि तिच्या सासूचे नावही जुळले.

नोंद उघडल्यावर तारखांचा तक्ता दिसतो. कोणत्या दिवशी काय झाले आणि पुढची तारीख कशासाठी, हे ओळीने लिहिलेले असते. आम्ही सव्वीस तारखा मोजल्या. कायद्यात असा अर्ज पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे, आणि इथे दोन वर्षांहून अधिक काळ त्या बाई येत-जात राहिल्या होत्या. शेवटच्या ओळीत इंग्रजीत दोन शब्द होते : 'अनकंटेस्टेड, विथड्रॉन'. अर्ज मागे घेतला. का घेतला, पैसे देऊन तडजोड झाली, धमकी दिली, की अर्जातच तथ्य नव्हते, हे त्या दोन शब्दांवरून कोणालाही सांगता येणार नाही.

ही सेवा वापरणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. २००५ चा हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि त्याखालील दिलासा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे : संरक्षण आदेश, राहण्याचा हक्क, पोटगी, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई. त्यात नवरा 'दोषी' ठरत नाही. संरक्षण आदेश मोडला तरच कलम ३१ प्रमाणे गुन्हा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ४९८-अ हा फौजदारी गुन्हा आहे, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आला आहे. परंतु तडजोड झाली की दोन्ही बाजू उच्च न्यायालयात जाऊन असे खटले रद्द करून घेतात. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा आणि सांगलीची अशी प्रकरणे उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, त्याआधी ती मुंबईत जात, आणि उच्च न्यायालयाचा शोध जिल्हा न्यायालयांच्या शोधापासून वेगळा करावा लागतो.

अलीकडे आमच्या महिला मंडळात एक मागणी वारंवार ऐकू येते, की बायकोला मारणाऱ्यांची यादी सरकारने जाहीर करावी. अमेरिकेतील टेनेसी राज्याने वारंवार दोषी ठरलेल्यांची अशी सार्वजनिक नोंदवही १ जानेवारी २०२६ पासून कायद्याने आणली आहे. आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, आणि घरातल्या मारहाणीचा तिच्याशी संबंध नाही. मागणीमागचा संताप मला पूर्ण समजतो. तरीही यादी केवळ दोषसिद्ध पुरुषांची असेल तर आम्हाला सापडलेली नोंद तिच्यात कधीच आली नसती, कारण तिथे दोषसिद्धी झालीच नव्हती. आणि जो यादीत नाही तो स्वच्छ, असे प्रमाणपत्र मात्र प्रत्येक स्थळाला आपोआप मिळाले असते. दुसरे असे की आपल्या गावात नवऱ्याचे नाव भिंतीवर लागले की बायकोचे नाव वेगळे लिहावे लागत नाही. आपण तक्रार केली तर मुलांच्या बापाचे नाव कायमचे यादीत जाईल, या भीतीने कितीतरी बायका या कायद्याखाली मदतीसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याच्या दारापर्यंतही जाणार नाहीत.

मला इंग्लंड आणि वेल्समधील पद्धत अधिक पटते. २००९ मध्ये क्लेअर वुड या तरुणीचा तिच्या पूर्वीच्या जोडीदाराने खून केला. त्याच्या हिंसेचा पूर्वेतिहास पोलिसांकडे होता, तिला तो माहीत नव्हता. तिच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि ८ मार्च २०१४ पासून जोडीदाराचा असा पूर्वेतिहास पोलिसांना विचारण्याची योजना तिथे सर्वत्र लागू झाली. जोडीदाराविषयी स्त्री पोलिसांना विचारू शकते, आईवडील किंवा मैत्रीणही विचारू शकतात, परंतु माहिती द्यायची ठरलीच तर ती जिला धोका आहे तिच्या किंवा तिचे रक्षण करू शकणाऱ्याच्याच कानावर घातली जाते. यादी कुठेही लागत नाही. आपल्या पोलिसांच्या, महिलांना मदत करणाऱ्या भरोसा सेलमध्ये किंवा संरक्षण अधिकाऱ्याकडे असा विचारण्याचा हक्क मिळाला, तर एखाद्या आईला किंवा मावशीला रात्री दहा वाजता स्पेलिंग बदलून बदलून नावे शोधत बसावे लागणार नाही आणि त्या पहिल्या बाईंच्या सव्वीस तारखा परक्यांनी मोजण्याची वेळही येणार नाही.

तोपर्यंत ई-कोर्ट्स हेच आपले साधन आहे आणि मी त्याला पाचपैकी साडेतीन गुण देईन. ते उत्तर देत नाही, पण कोणता प्रश्न विचारायचा ते दाखवते. नोंदीवरचा सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून ठेवावा, तो असला की पुढे वकिलाला किंवा समोरच्या मंडळींना नेमके विचारता येते.

आम्हीही तेच केले. बहिणीने आढेवेढे घेतले, पण भाची म्हणाली, 'मावशी, मीच विचारते. आपण लपून काही केलेले नाही.' तिने मुलाला क्रमांक सांगितला आणि त्या प्रकरणातील आदेशांची नक्कल पाहायला मिळेल का, असे सरळ विचारले. त्याने लगेच होकार दिला, पुढच्या रविवारी घेऊन येतो म्हणाला. रविवारी तो आला नाही, त्याचे काका आले. चहा घेता घेता ते बहिणीला म्हणाले, 'ताई, मिटलेले प्रकरण उकरून काय मिळणार?' तो मुलगा हिंसक होता असे मी इथे लिहीत नाही, कारण ते मला माहीत नाही.

भाचीने त्याच संध्याकाळी केंद्रात फोन करून नकार कळवला. कारण विचारल्यावर तिने इतकेच सांगितले, की नक्कल मागितली होती, ती आली नाही.